गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखतंय? आयटी बँड समजून घेऊ

निफाडचा पारा सहा-सात अंशांवर उतरला की नाशिकमध्ये पहाटे धावणाऱ्यांची गर्दी वाढते. गोल्फ क्लब मैदान, कृषीनगरचा ट्रॅक, गंगापूर रोड, जिकडे बघावं तिकडे कानटोप्या घातलेली माणसं. कुणी थंडीतल्या एखाद्या स्पर्धेची तयारी करतंय, कुणाला डॉक्टरांनी साखर वाढली म्हणून बाहेर काढलंय, आणि ट्रॅकच्या आतल्या कडेने पोलीस भरतीची पोरं वेगात फेऱ्या मारतायत. महिन्या-दीड महिन्यात यातलेच काही जण कट्ट्यावर बसून गुडघ्याची बाहेरची बाजू चोळताना दिसतात. तक्रार जवळपास शब्दाला शब्द सारखी असते. "निघालो तेव्हा काही नव्हतं. तीन किलोमीटर झाले आणि बाहेरून सुई टोचल्यासारखं व्हायला लागलं. थांबलो की थांबतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच."

मग सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं शीर आखडली, कुणी म्हणतं वात आहे, कुणी वाटी झिजल्याचं सांगतं, कुणी गुडघ्यातलं वंगण संपल्याचं. मला स्वतःला हे दुखणं अंजनेरी उतरताना झालं होतं. एक्स-रे स्वच्छ होता, तरी एका ठिकाणी मला सांगण्यात आलं की झीज सुरू झाली आहे, धावणं कायमचं बंद करा. ते चूक होतं हे कळायला मला एक वर्ष लागलं, आणि त्या वर्षात मी एक पाऊल धावलो नाही. हा लेख त्यासाठी लिहितोय. बहुतेक वेळा हे दुखणं झिजेचं नसतं, त्याला आयटी बँड सिंड्रोम असं ठरलेलं नाव आहे, ते ओळखता येतं, आणि ऑपरेशनशिवाय बरं होतं.

## पँटच्या शिवणीखालचा पट्टा

उभे राहा आणि पँटच्या बाहेरच्या शिवणीवर तळहात ठेवा. कमरेपासून गुडघ्यापर्यंत त्या शिवणीच्या बरोबर खाली, कातडीच्या आत, एक जाड, चिवट पट्टा उभा गेलेला असतो. तोच इलिओटिबिअल बँड. इलिअम म्हणजे कमरेचं पसरट हाड, टिबिआ म्हणजे नडगीचं हाड. या दोन हाडांना जोडणारा पट्टा, एवढाच त्या लांबलचक नावाचा अर्थ. सगळे त्याला आयटी बँड म्हणतात, आपणही तेच म्हणू.

हा स्नायू नव्हे. मटण साफ करताना तुकड्यावर एक पांढरट, न तुटणारा पापुद्रा हाताला लागतो, तो डोळ्यांसमोर आणा. आपल्या मांडीभोवती असाच पापुद्रा मोज्यासारखा गुंडाळलेला असतो आणि बाहेरच्या बाजूला तो जाड होऊन त्याचा पट्टा बनतो. त्याला स्वतःहून आखडता येत नाही की सैल पडता येत नाही. त्याला ताण देतात ते वरचे स्नायू. कुल्ल्याचा मोठा स्नायू मागून येऊन त्यात मिसळतो आणि खुब्याच्या पुढच्या बाजूचा एक छोटा स्नायू पुढून. खाली गुडघा ओलांडून हा पट्टा नडगीच्या हाडावरच्या एका उंचवट्याला घट्ट चिकटतो. वाटेत मांडीच्या हाडालाही तो आतून जोडलेला असतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

हा पट्टा माणसाची खासियत आहे. चिंपांझीच्या मांडीवर तो पापुद्रा असतो, पण असा वेगळा, जाड पट्टा नसतो. दोन पायांवर चालण्या-धावण्यासाठी तो आपल्याला मिळाला. प्रत्येक पावलाला आपण क्षणभर एका पायावर उभे असतो आणि त्या क्षणी कंबर दुसऱ्या बाजूला कलंडू नये म्हणून बाहेरून कुणीतरी धरून ठेवावं लागतं.

द्राक्षबाग पाहिलेल्या माणसाला हे चटकन कळेल. बागेच्या कडेच्या अँगलला, म्हणजे मांडव पेलणाऱ्या लोखंडी खांबाला, बाहेरून एक तार ओढून जमिनीत गाडलेली असते, तिला आपण ताण म्हणतो. मांडवाचं सगळं ओझं आतल्या बाजूला ओढत असतं आणि तो ताण कडेचा अँगल उभा ठेवतो. आयटी बँड हा पायाचा ताण आहे. आता बागेत माल भरला, किंवा अँगल खालून हलायला लागला, तर तार करकचते. अशा वेळी कुणी तार चोळत बसत नाही. मालाचा भार आणि अँगलची पकड बघतात. या दुखण्याचा जवळपास सगळा उपचार या एका चित्रात आहे, म्हणून मी पुढे पुन्हा पुन्हा त्याच्याकडे येणार आहे.

## नेमकं दुखतं काय?

गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, सांध्याच्या फटीच्या दोन-तीन सेंटिमीटर वर, मांडीच्या हाडाचा एक उंचवटा बोटाला लागतो. पट्टा त्याच्यावरून जातो. दुखण्याची जागा हीच.

१९७५ मध्ये अमेरिकेच्या मरीन दलातल्या जवानांमध्ये हे दुखणं पाहून रेन नावाच्या डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं. तेव्हाचा समज असा की गुडघा वाकताना-सरळ होताना पट्टा त्या उंचवट्यावरून मागे-पुढे घासतो आणि सुजतो, विहिरीच्या काठावर दोर घासावा तसा. कितीतरी वर्षं हेच शिकवलं गेलं, आणि आजही बरेच जण हेच सांगतात.

२००६ मध्ये शरीररचनेच्या अभ्यासकांनी शवविच्छेदन आणि एमआरआय दोन्ही करून बारकाईने पाहिलं. पट्टा त्या जागी हाडाला तंतूंनी बांधलेला निघाला. तो दोरासारखा सरकूच शकत नाही. गुडघा वाकतो तसा ताण पट्ट्याच्या पुढच्या तंतूंकडून मागच्या तंतूंकडे जातो, म्हणून बोटाला सरकल्यासारखं वाटतं. खरी घडामोड पट्ट्याच्या खाली आहे. तिथे हाड आणि पट्टा यांच्यामध्ये चरबीचा एक पातळ थर असतो आणि त्यात संवेदना नेणाऱ्या नसा भरपूर असतात. डोक्यावर हंडा आणि मध्ये चुंबळ असावी, तसा हा थर. गुडघा साधारण ३० अंशांत वाकलेला असताना ही चुंबळ सगळ्यात जास्त दाबली जाते.

एकदा-दोनदा दाबल्याने काही बिघडत नाही. पण धावताना एका किलोमीटरला एका पायाची साधारण पाचशे पावलं पडतात. दहा किलोमीटरला पाच हजार. तेवढ्या वेळा तीच जागा दाबली गेली की तो थर चिडतो, सुजतो, आणि सुजला की आणखी दाबला जातो. दुखणं तीन किलोमीटरनंतर का सुरू होतं आणि रोज त्याच अंतराला का येतं, याचं उत्तर या मोजणीत आहे.

उताराचंही कोडं इथेच सुटतं. उतरताना पाऊल टेकतं तेव्हा गुडघा पुरेसा वाकलेला नसतो, तो नेमका त्या ३० अंशांच्या आसपास राहतो, आणि वरून अंगाचं सगळं वजन थोपवायचं असतं. कळसूबाई चढताना छाती भरून येते, पण गुडघा बोलतो तो पायथ्याच्या बारी गावाकडे उतरताना. हरिहर किल्ल्याच्या त्या उभ्या पायऱ्यांचंही तसंच. उलट वेगात धावताना गुडघा आधीच जास्त वाकलेला असतो, म्हणून कित्येकांना हळू जॉगिंगला दुखतं आणि जोरात पळाल्यावर दुखत नाही. घरच्यांना हे नाटक वाटतं. ते नाटक नसतं.

## पण आत्ताच का? इतकी वर्षं काही नव्हतं

याचं सगळ्यात खरं उत्तर साधं आहे. भार ज्या वेगाने वाढला त्या वेगाने पाय तयार झाला नाही. मांडवावर एकाच आठवड्यात दुप्पट माल आला.

आठवड्याला दहा किलोमीटर चालणारा माणूस स्पर्धेची नोंदणी करून येतो आणि पंधरा दिवसांत तीसवर जातो. भरतीच्या मुलाची चाचणी १६०० मीटरची असते, पण तयारीत तो रोज आठ-दहा किलोमीटर पळतो, शिवाय टेकडी. ट्रेक करणारे पावसाळाभर दर रविवारी एक किल्ला उतरतात. सप्तशृंगीला नाशिकहून साठेक किलोमीटर पायी जाणारी माणसं वर्षभरात त्याच्या दहाव्या हिश्श्याचंही चालणं करत नाहीत. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरीही तशीच, एका दिवसात, ओल्या वाटेवर, चढउतारासकट.

भाराच्या जोडीला काही गोष्टी हातभार लावतात. कुल्ल्याच्या बाजूचे स्नायू थकले की प्रत्येक पावलाला कंबर दुसरीकडे झुकते, मांडी आत वळते आणि बाहेरचा ताण करकचतो. अँगल हलला म्हणायचा. इथे एक खरं सांगायला हवं. दुखणाऱ्या माणसांत हे स्नायू कमजोर सापडतात, पण कमजोरीमुळे दुखणं आलं की दुखण्यामुळे कमजोरी, यावर संशोधकांचं एकमत झालेलं नाही. ताकद वाढवल्याने फायदा होतो, एवढं मात्र बऱ्याच जणांच्या अनुभवाला आलेलं आहे.

दुसरी गोष्ट पावलं टाकण्याची. शेताच्या बांधावरून चालताना आपण एका पायापुढे दुसरा ठेवतो. काही जण सपाट रस्त्यावरही तसेच धावतात, दोन्ही पावलं एकाच रेघेवर. त्याने पट्ट्यावरचा ताण वाढतो. तिसरी गोष्ट रस्त्याची. डांबरी रस्ता कडेला उतरता असतो, रोज एकाच कडेने धावलं की एक पाय सतत खालच्या पातळीवर पडतो. ट्रॅकवर कायम एकाच दिशेने फेऱ्या मारणाऱ्यांचं वळणही रोज त्याच पायावर येतं. अधूनमधून दिशा बदला, त्याला पैसे पडत नाहीत.

## डॉक्टर हे ओळखतात कसं?

मुख्यतः तुमचं ऐकून आणि बोटाने दाबून. कुठे दुखतं, कधी सुरू होतं, कशाने थांबतं, गेल्या महिन्यात काय वाढवलं, या चार प्रश्नांत निम्मं निदान होतं. म्हणून जाताना गेल्या सहा आठवड्यांत रोज किती धावलात किंवा चाललात ते मोबाइलमध्ये बघून लिहून न्या.

मग पलंगावर झोपवून गुडघा काटकोनात वाकवतात, बाहेरच्या उंचवट्यावर अंगठा दाबून ठेवतात आणि पाय हळूहळू सरळ करायला लावतात. साधारण ३० अंशांवर आल्यावर "हां, हेच!" असं तोंडातून निघालं, तर आयटी बँडवरचा संशय पक्का होतो. या चाचणीला नोबल चाचणी म्हणतात.

आणखी एक चाचणी जुनी आहे, १९३६ पासूनची. कुशीवर झोपवून वरचा पाय मागे नेऊन सोडतात. तो खाली पडला नाही तर "पट्टा टाइट आहे" असा शेरा मिळतो. तिला ओबर चाचणी म्हणतात. २०१६ मध्ये मृतदेहांवर ती तपासली गेली. पट्टा कापून टाकला तरी पाय पूर्वीइतकाच अडकत होता. कुल्ल्याचे आतले स्नायू आणि खुब्याच्या सांध्याचं आवरण सोडवल्यावर मात्र तो खाली आला. म्हणजे ही चाचणी पट्ट्याबद्दल फारसं सांगत नाही. तुमच्या कागदावर "टाइट आयटी बँड" लिहिलेलं असेल तर त्याचं फार मनावर घेऊ नका.

## एमआरआय काढून टाकला तर?

हा प्रश्न हमखास येतो, आणि त्यामागची काळजी मला कळते. पण या दुखण्यात एक्स-रे नॉर्मलच येतो, कारण हाडाला काही झालेलंच नसतं. एमआरआयमध्ये पट्ट्याखालची सूज दिसू शकते, पण त्याने उपचार बदलत नाही. उलट चाळिशीनंतरच्या गुडघ्याच्या एमआरआयमध्ये कुठे ना कुठे गादीला (सांध्यातल्या कुर्चेच्या चकतीला) चीर, थोडी झीज असं काहीतरी निघतंच, दुखत नसलेल्या माणसांतही. तो रिपोर्ट हातात आला की माणूस चालायलाही घाबरतो. डॉक्टरांना दुसरी शंका असेल, किंवा दोन-तीन महिने नीट उपचार करूनही फरक पडला नसेल, तर एमआरआयला अर्थ आहे.

## हे दुसरं काही असू शकतं का?

असू शकतं, म्हणून हा भाग नीट वाचा.

बोट उंचवट्यावर न जाता त्याच्या खाली, सांध्याच्या फटीत जात असेल, गुडघा अडकत असेल, पाय रोवून वळताना कळ आली असेल आणि गुडघा सुजला असेल, तर गादी फाटल्याची शंका येते. आयटी बँडच्या दुखण्यात आख्खा गुडघा सुजत नाही. पन्नाशी-साठीच्या माणसाला सकाळी गुडघा जखडत असेल, मांडी घालून बसता येत नसेल, तर झीज असण्याचा संभव जास्त. दुखणं वाटीच्या भोवती, पुढच्या बाजूला असेल तर ते वेगळं. कंबरेतून मांडीच्या बाजूने पायापर्यंत कळ, मुंग्या, बधिरपणा येत असेल तर मूळ पाठीच्या मणक्यात शोधावं लागतं.

थांबू नये अशा खुणा वेगळ्या: पडल्यानंतर किंवा धडकेनंतर सुरू झालेलं दुखणं, पायावर उभंच राहता न येणं, गुडघा लाल आणि गरम होऊन ताप येणं, पोटरी सुजून दुखणं, रात्री झोपेतून उठवणारी कळ, हाडावर एकाच बिंदूवर ठणका. यांपैकी काही असेल तर व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवा. आणि लंगडणारं लहान किंवा वाढत्या वयातलं मूल गुडघा दुखतो म्हणत असेल, तर त्याचा खुबाही तपासायला सांगा. मुलांत खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं, आणि तिथे उशीर महागात पडतो.

## "ताणलं, रोलर फिरवला की पट्टा सैल होईल ना?"

व्हिडिओंमुळे हा समज घट्ट बसलाय. फोम रोलर (मालिशसाठीचा फोमचा जाड दंडगोल) नसेल तर लोक लाटणं घेतात आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत मांडीवर फिरवतात. फिजिओ म्हणूनही काही जण कोपराने दाबतात. पण आधी सांगितलं ते आठवा: हा पट्टा मांडीच्या हाडाला आतून जोडलेला आहे आणि त्याची चिवटाई प्रचंड आहे. २००८ मध्ये गणिताने काढलेल्या एका हिशेबानुसार मांडीच्या या आवरणाचा आकार एक टक्का बदलायलाही माणसाच्या हातांना न पेलणारं बळ लागेल. ताणाची तार चोळून लांब होत नाही.

मग रोलरनंतर बरं का वाटतं? कारण त्या दाबाने दुखण्याची जाणीव थोडा वेळ मंदावते आणि बाजूचे स्नायू सैलावतात. तेवढ्यासाठी कुल्ल्यावर आणि मांडीच्या पुढच्या भागावर हलक्या हाताने फिरवायला हरकत नाही. खुब्याच्या बाजूचं हलकं स्ट्रेचिंगही चालेल. गुडघ्याच्या दुखऱ्या उंचवट्यावर मात्र रोलर, लाटणं, जोरकस मालिश काहीही नको. तिथे आधीच दाबामुळे चिडलेली चुंबळ आहे. तिला आणखी दाबून ती शांत कशी होईल?

## उपचार: आधी भार कमी, मग ताकद, मग धावणं

पहिले एक-दोन आठवडे जे केल्याने दुखतं तेवढंच थांबवा. उतार, जिने उतरणं, लांब धावणं बंद. सपाटीवर न दुखता चालता येत असेल तर चाला. पोहता येत असेल तर पोहा. धावल्यावर ठणकत असेल तर फडक्यात बर्फ गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं लावा, बरं वाटतं. गोळी घ्यायची तर थोडेच दिवस आणि डॉक्टरांना विचारून, विशेषतः बीपी, किडनी किंवा पित्ताचा त्रास असेल तर. गोळी खाऊन धावायला जाणं सगळ्यात वाईट. दुखणं झाकलं जातं, दाब चालूच राहतो.

इथेच बहुतेकांची गाडी चुकते. महिनाभर पूर्ण आराम करतात, दुखणं जातं, पहिल्याच रविवारी जुन्या अंतरावर धावतात आणि तिसऱ्या किलोमीटरला ते परत येतं. मी तर वर्षभर थांबलो होतो, तरी पुन्हा धावलो तेव्हा तेच झालं. आरामाने सूज उतरते, पण पाय मजबूत होत नाही, उलट थोडा कमजोरच होतो. बागेवरचा माल काढला म्हणून हललेला अँगल खालून पक्का झाला असं होत नाही.

म्हणून दुखणं निवळायला लागलं की कुल्ल्याची ताकद. पाठ भिंतीला लावून कुशीवर झोपा, खालचा गुडघा वाकवा, वरचा पाय सरळ ठेवून टाच भिंतीला घासत वर उचला. बोटं समोर, छताकडे नाहीत. बरोबर केलं तर कुल्ल्याच्या मागच्या-बाजूच्या भागात भाजल्यासारखं होतं. खुब्याच्या पुढे ओढ बसली तर पाय पुढे आलाय, मागे घ्या. उताणं झोपून गुडघे वाकवून कंबर उचलण्याचा पूल सगळ्यांना येतो. तो दोन पायांवर सोपा झाला की एका पायावर करा. मग खरा व्यायाम घराच्या पायरीवर आहे. एका पायावर पायरीच्या कडेला उभं राहायचं, दुसऱ्या पायाची टाच हळूच जमिनीला टेकवायची आणि वर यायचं. आरशात किंवा मोबाइलवर बघा: गुडघा आत पडतो का, कंबर एका बाजूला झुकते का. पडत असेल तर पायरी बुटकी करा, घाई नको. प्रत्येकी आठ ते बारा वेळा, तीन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस. दहापैकी दोनपर्यंत दुखलं तर चालेल, त्याहून जास्त दुखलं किंवा दुसऱ्या दिवशी वाढलं तर कमी करा.

अशा ताकदीच्या व्यायामांवर २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २४ धावपटूंपैकी २२ जण सहा आठवड्यांत न दुखता धावायला लागले. अभ्यास छोटा होता, तुलनेसाठी व्यायाम न करणारा गट नव्हता, त्यामुळे त्याला शेवटचा शब्द मानू नये. पण सहा ते आठ आठवडे हा अंदाज बहुतेकांना लागू पडतो. जुनं दुखणं असेल तर तीन-चार महिनेही लागतात.

परत धावताना सपाट जागा निवडा आणि दिवसाआड जा. सुरुवातीला मिनिटभर बऱ्यापैकी वेगात धावा, मिनिटभर चाला, असं दहा वेळा. हळू रखडत जॉगिंग करण्यापेक्षा हे गुडघ्याला सोसतं, कारण वर पाहिलंच आहे. पावलं थोडी छोटी आणि भराभर टाका. मिनिटाला १६० पडत असतील तर १७० करून बघा. दोन पावलांत थोडं अंतर राहू द्या, बांधावरून चालल्यासारखं नको. नेहमी ज्या अंतराला दुखायचं त्याच्या आधीच थांबा, बरं वाटत असलं तरी. आधी अंतर वाढवा, मग वेग, आणि उतार सगळ्यात शेवटी.

## मी धावत नाही, सायकल चालवतो

नाशिकमध्ये हा प्रश्न येणारच. अमेरिका आडवी पार करणाऱ्या 'रॅम' या शर्यतीत २०१५ मध्ये दोघांचा संघ म्हणून उतरून ती पूर्ण करणारे महाजन बंधू इथलेच डॉक्टर, आणि त्यांच्यानंतर शहरात लांब पल्ल्याची सायकल घराघरांत पोचली. पेडल सगळ्यात खाली असताना गुडघा जवळपास सरळ होत असेल तर सीट फार उंच आहे. प्रत्येक फेरीला गुडघा त्याच ३० अंशांतून जातो, आणि तासाला हजारो फेऱ्या होतात. सीट थोडी खाली, गरज वाटली तर थोडी पुढे घ्या. बूट पेडलला अडकवणारे असतील तर पावलाची बोटं आत वळलेली नाहीत ना ते बघा. कित्येकांचं दुखणं एवढ्यावर निम्मं होतं.

पायी वारी किंवा पदयात्रेला जाणाऱ्यांनी निदान आठ आठवडे आधीपासून चालणं वाढवावं, आणि त्यात थोडा उतार धरावा. पांडवलेणीच्या पायऱ्या सरावाला छान आहेत. आठवड्यातून एकदा चढा, उतरताना सावकाश, पाऊल आपटू न देता. ट्रेकला दोन काठ्या घेतल्या तर उतरताना गुडघ्यावरचा भार हलका होतो. नी कॅपने धीर येतो, घालायची तर घाला, पण घट्ट कॅपची कड त्या उंचवट्यावर येऊ देऊ नका.

## इंजेक्शन, ऑपरेशन

नव्याने सुरू झालेल्या, खूप ठणकणाऱ्या दुखण्यात पट्ट्याखाली स्टेरॉइडचं इंजेक्शन दिल्याने पहिल्या दोन आठवड्यांत दुखणं कमी होतं, असं एका छोट्या चाचणीत दिसलं आहे. ते सूज उतरवतं, ताकद देत नाही. पुन्हा पुन्हा घेण्याची ही गोष्ट नाही. ऑपरेशनची वेळ फार थोड्यांवर येते, सहा महिने मनापासून उपचार करूनही फरक नसेल तेव्हा. दोन आठवड्यांच्या दुखण्यावर कुणी थेट ऑपरेशन सुचवलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

## "माझी भरती महिन्यावर आली आहे, मी थांबू कसा?"

हे विचारणाऱ्या मुलाला "आराम कर" म्हणणं सोपं असतं. त्याने दोन वर्षं घातलेली असतात, आई-वडिलांनी अकॅडमीची फी भरलेली असते, वयाची अट डोक्यावर असते. त्याला उपयोगी पडेल असंच सांगायला हवं.

एक महिना असेल तर पहिले दहा दिवस लांब पळणं आणि टेकडी पूर्ण बंद ठेव. दम टिकवायला पोहणं, किंवा दुखत नसेल तर सीट खाली करून सायकल. गोळाफेकीचा सराव चालू ठेव. कुल्ल्याचे व्यायाम दिवसाआड. अकराव्या दिवसापासून ट्रॅकवर २०० आणि ४०० मीटरचे वेगातले तुकडे, मध्ये चालणं, दिवसाआड, आणि एक दिवस उलट्या दिशेने. तुझी चाचणी १६०० मीटरची आहे आणि ती वेगात पळायची आहे. बहुतेक वेळा दुखणं त्या अंतराच्या पुढे सुरू होतं, ही तुझ्या बाजूची गोष्ट आहे. शेवटच्या आठवड्यात एकदाच पूर्ण १६०० पळून बघ, मग चाचणीपर्यंत फक्त हलका सराव. अकॅडमीतल्या सरांना हे आधीच सांग, लपवून रोजचे दहा किलोमीटर ओढू नकोस. चालतानाही लंगडायला लागलास, किंवा हाडावर एका बिंदूवर ठणका बसायला लागला, तर त्या दिवशी पळणं थांबव आणि तपासून घे. तो हाडाला गेलेला बारीक तडा असू शकतो, आणि त्यावर पळालास तर पुढच्या भरतीलाही मुकशील.